हिंदू कॉलनी, दादर टीटी आणि साडेत्रेसष्ट अंश

गेले पाच वीकेंड आम्ही घरं बघतोय. घोडबंदर रोडला, ठाण्यात. शनिवारी सकाळी निघायचं, सॅम्पल फ्लॅटमध्ये बूट काढून शिरायचं, दोघांनी मिळून खोट्या पुस्तकांच्या शेल्फकडे बघायचं, आणि घरी येऊन एक्सेल उघडायचं. माझ्या एक्सेलमध्ये आता अठरा कॉलम झालेत. बायको म्हणते की घर घ्यायचंय की रिलीज काढायचाय ते एकदा ठरव.

प्रत्येक ब्रोशरमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. 'कुटुंबांसाठी खास.' खाली फोटो: आई, बाबा, फुगा धरलेली मुलगी आणि मागे एक आजोबा. (आजी का नसते कोण जाणे.) पाचव्या शनिवारी हे वाक्य वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरायला लागला. हे नक्की करतं कोण? म्हणजे एखादी वस्ती 'कुटुंबांसाठी चांगली' होते ती कशी? आपोआप, की कुणीतरी बसून ठरवतं?

प्रश्न पडायला दुसरंही कारण होतं. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला होता. आत्या हिंदू कॉलनीत राहते, दादर पूर्वेला, माझ्या आजोबांनी भाड्यानं घेतलेल्या घरात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि आत्याची सही हवीय. "अरे तू इंजिनिअर ना, ते प्लॅन बघून जा जरा." सॉफ्टवेअर इंजिनिअरला सगळ्या प्रकारचे प्लॅन समजतात हा आमच्या घराण्याचा जुना समज आहे. असो. गेलो. आणि प्लॅन बघण्यापेक्षा जास्त वेळ त्या कॉलनीचा इतिहास वाचण्यात घालवला. हा लेख त्याचाच.

तर गोष्ट सुरू होते उंदरांपासून.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तापाचे रोगी तपासले आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं सांगितलं. पुढचे महिने मुंबई रिकामी होत गेली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १९०१ च्या जनगणनेत ती ७ लाख ७६ हजार भरली. सतत फुगत जाणाऱ्या शहराचा आकडा दहा वर्षांत खाली आला. (हे आकडे लक्षात ठेवा, शेवटाकडे पुन्हा लागतील.)

सरकार घाबरलं, आणि त्याहून जास्त घाबरले गिरणीमालक आणि व्यापारी, कारण कामगारच गावी पळत होते. तेव्हाच्या वैद्यकीय समजुतीप्रमाणे रोगाचं मूळ कोंदट, अंधाऱ्या, दाटीच्या वस्तीत होतं. उंदरावरच्या पिसवेची भानगड पुरती मान्य व्हायला अजून काही वर्षं जायची होती. म्हणजे निदान अर्धवट चुकीचं होतं, पण उपाय निघाला तो उजेड आणि हवा. १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. काम दोन प्रकारचं. शहराच्या पोटातल्या दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे (प्रिन्सेस स्ट्रीट, सॅंडहर्स्ट रोड हे त्यांचेच) आणि उत्तरेला मोकळ्या जमिनी घेऊन नव्या वस्त्या आखायच्या.

ही उत्तरेची मोकळी जमीन म्हणजे दादर, माटुंगा, वडाळा, सायन. भातखाचरं, वाड्या, मधे मधे गावठाणं. १८९९-१९०० च्या सुमारास ट्रस्टनं इथे योजना आखली. दादर-माटुंगा भागात साठ हजार माणसं राहतील असा अंदाज होता. त्या काळच्या आठ लाखांच्या शहरात साठ हजार!

पण घरं लगेच उठली नाहीत. जमिनी ताब्यात घेण्यात, भावाच्या वादांत वर्षं गेली. पहिलं महायुद्ध मधे आलं. इमारती खऱ्या अर्थानं उभ्या राहिल्या त्या १९२० आणि १९३० च्या दशकांत. तोपर्यंत ट्रस्टनं काय केलं होतं? रस्ते आखले होते, गटारं घातली होती, चौक आणि बागा सोडल्या होत्या आणि झाडं लावली होती. घरं नसताना. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी सगळं इन्फ्रा उभं केलं, युजर नंतर आले. आज घोडबंदरला बरोबर उलटं चालतं. आधी चाळीस मजले, मग पाणी कुठून आणायचं ते बघू.

शेजारच्या पारशी कॉलनीची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. मंचेरजी जोशी हे ट्रस्टमधलेच इंजिनिअर. मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट वेगळे काढावेत म्हणून त्यांनी ट्रस्टला राजी केलं. कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड लावायचं इथपर्यंत त्यांनी आखणी केली होती. आज पाच उद्यानांभोवती फिरायला गेलात तर ती झाडं भेटतात. शंभर वर्षं टिकलेलं आर्किटेक्चर डॉक्युमेंट मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता माझा आवडता भाग. ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. या गृहस्थांना उजेडाचं वेड होतं. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या एकाच विषयावर भाषण दिलं. त्यांचा नियम असा: तुमच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ काढा. ती रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. साडेत्रेसष्टच का? दहावीची त्रिकोणमिती आठवा. या कोनाचा टॅन्जंट जवळजवळ बरोबर दोन येतो. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मधे निदान वीस फूट मोकळी जागा हवी. झालं. एका ओळीचा नियम, कुणालाही दोरी धरून तपासता येईल असा.

आत्याच्या घरी गेलो तेव्हा मी खरंच गॅलरीत उभा राहून मोजलं. मोबाईलवर कोन मोजायचं ॲप असतं. तळमजल्यावर जाऊन भिंतीला टेकून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर धरलं. पंचावन्नच्या आसपास आला. शेजारचे काका विचारत होते की काय शूटिंग चाललंय का. त्या गल्लीत लहानपणी दुपारी तीनला क्रिकेट खेळताना डोळ्यांवर ऊन यायचं म्हणून आम्ही वैतागायचो. ते ऊन १९१२ सालच्या एका साहेबानं मंजूर केलेलं होतं, हे तेव्हा कुणाला माहीत!

ट्रस्टनं प्लॉट विकले नाहीत, भाडेपट्ट्यानं दिले. आणि पट्ट्यात अटी घातल्या: किती बांधायचं, किती मोकळं सोडायचं. त्यामुळेच दोन-तीन मजल्यांच्या, चारी बाजूंनी मोकळ्या, गॅलऱ्यांच्या इमारती झाल्या. पाठोपाठ शाळा. इंडियन एज्युकेशन सोसायटी १९१७ मध्ये स्थापन झाली, तिचं किंग जॉर्ज हायस्कूल म्हणजे आजचं राजा शिवाजी विद्यालय, हिंदू कॉलनीतच. व्हीजेटीआय १९२३ मध्ये माटुंग्याला आलं, रुईया १९३७, पोदार १९४१. पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की १९२५ मध्ये खुलं झालेलं माहीम पार्क, ज्याचं नाव अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं. पहिली ते इंजिनिअरिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. आणि नोकरी फोर्टात असेल तर ट्राम होती, लोकल होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली, पाठोपाठ मेन लाईनवरही. दादरच्या ट्रामचा शेवटचा थांबा म्हणजे ट्राम टर्मिनस, म्हणजे टीटी. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली आणि बंद झाली, पण टॅक्सीवाले आजही टीटीच म्हणतात.

आमचे आजोबा १९३८ मध्ये गिरगावातल्या चाळीतून इथे आले. मूळ गाव चिपळूणजवळ, फोर्टातल्या एका कंपनीत कारकून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गॅलरी, मागे मोरी आणि स्वतंत्र संडास. भाडं पंचेचाळीस रुपये. आजी सांगायची की आजोबांचे वडील गावाहून घर बघायला आले तेव्हा जेवलेच नाहीत. कारण? घरात संडास!

हा विनोद नाही. निखिल राव या इतिहासकारांचं 'हाऊस, बट नो गार्डन' नावाचं पुस्तक आहे, २०१३ मध्ये आलेलं, माटुंगा-दादरच्या फ्लॅट संस्कृतीवर. त्यात त्यांनी हा मुद्दा नीट मांडलाय. संडास घराबाहेर, लांब असणं हे सोवळ्या-ओवळ्याचं गणित होतं. फ्लॅट नावाच्या नव्या प्रकारात तो घराच्या आत आला, आणि सवर्ण मध्यमवर्गाला तो पचवायला लागला. मग तडजोड झाली. संडास आत, पण शक्य तितका मागे, गॅलरीच्या टोकाला, देवघरापासून लांब. आणि सफाईसाठी येणाऱ्या माणसाला घरातून यावं लागू नये म्हणून इमारतीला मागून वेगळा जिना.

आमच्या बिल्डिंगला तो आहे. लोखंडी, गोल, आता गंजलेला. लहानपणी लपाछपीत ती माझी हुकमी जागा होती. किती वर्षं मी त्या जिन्यावर लपलो, पण हा जिना इथे का आहे असं एकदाही विचारलं नाही. परवा प्लॅन बघायला गेलो तेव्हा प्रथमच आत्याला विचारलं. ती म्हणाली, "अरे, तो त्यांच्यासाठी होता." 'त्यांच्यासाठी' म्हणजे कोण हे तिनंही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कॉलनीच्या नावाकडे तरी आपण कुठे नीट बघतो? हिंदू कॉलनी. पलीकडे पारशी कॉलनी. माटुंग्याला तमिळ आणि कानडी मंडळी. ट्रस्टची आखणी सगळ्यांसाठी एकच होती, पण वस्त्या जातीजमातीनं झाल्या, आणि ट्रस्टनं त्या होऊ दिल्या. लोकांनाही तेच हवं होतं. गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी नोंदवली गेली, मुंबईच्या सहकारी घरांची ती सुरुवात, आणि तीही एका समाजाचीच होती. आपली भाषा, आपलं जेवण, आपल्यातली स्थळं. तेव्हाच्या 'कुटुंबांसाठी खास'चा अर्थ हा होता: आमच्यासारख्या कुटुंबांसाठी.

याच चौकटीत एक घर असं आहे की त्यामुळे सगळी कॉलनी वेगळी दिसायला लागते. राजगृह.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं फक्त कॉलन्या आखल्या नाहीत, कामगारांसाठी चाळीही बांधल्या. बीआयटी चाळ हे नाव आजही मुंबईत ऐकू येतं, त्यातलं बीआयटी म्हणजे हाच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. एकेका खोलीचे संसार, समाईक नळ, समाईक संडास. परळच्या अशा एका बीआयटी चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे वीस वर्षं राहिले. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी, महाड, गोलमेज परिषद, हे सगळं चालू असताना मुंबईतलं घर ते. त्याआधी १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर असताना त्यांना राहायला जागा मिळत नव्हती. एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव सांगून राहावं लागलं, आणि जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलाय.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदू कॉलनीत घर बांधलं. त्याच ट्रस्टनं आखलेल्या कॉलनीत. चाळही ट्रस्टची, कॉलनीही ट्रस्टची, मधे अंतर काही किलोमीटरचं. घराचा मोठा भाग पुस्तकांसाठी होता, परळच्या दोन खोल्यांत ती मावत नव्हती. रमाबाई २७ मे १९३५ ला याच घरात गेल्या. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं, त्यांचं पार्थिव राजगृहात आणलं आणि दुसऱ्या दिवशी इथून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीला गेली, जिथे आज चैत्यभूमी आहे.

मला ६ डिसेंबर आठवतो तो लहानपणीच्या नजरेनं. लांबलांबच्या गावांहून आलेली माणसं, पांढरे कपडे, डोक्यावर वळकटी, रांगेत शांत उभी. आणि आमच्या बिल्डिंगमधल्या काही घरांची त्या दिवशी बंद असलेली दारं-खिडक्या. 'गर्दी असते रे' असं कारण सांगितलं जायचं. गणपतीत त्याहून जास्त गर्दी असायची तेव्हा हीच मंडळी गॅलरीत खुर्च्या टाकून बसायची. हे लिहावं की नको असा दोन दिवस विचार केला. लिहिलं.

पुढे जाऊ. आजोबांचं पंचेचाळीस रुपये भाडं पुढे काय झालं? काहीच नाही. तिथेच राहिलं, थोडीफार भर सोडली तर. आणि माझ्या मते हिंदू कॉलनीला 'कुटुंबवत्सल' करण्यात ऑरसाहेबांच्या कोनाइतकाच वाटा या न वाढलेल्या भाड्याचा आहे.

पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा, आणि मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा. त्यानं प्रमाण भाडं ठरवलं १ सप्टेंबर १९४० चं. हा कायदा तात्पुरता होता. दर काही वर्षांनी मुदत वाढत गेली आणि तात्पुरता कायदा अर्धं शतक चालला. (ज्यांनी कधी 'टेम्पररी फिक्स' म्हणून प्रॉडक्शनमध्ये काही टाकलंय त्यांना आश्चर्य वाटणार नाही.)

परिणाम दुहेरी झाले. एक, भाडेकरू हलेनासे झाले. कशाला हलतील? पंचेचाळीस रुपयांत दादर! आमच्या बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं, त्यातली नऊ तीन पिढ्या तीच. वडील ज्यांच्याबरोबर शाळेत गेले त्यांच्या मुलांबरोबर मी गेलो. किल्ली शेजारी ठेवायची, कुणाच्याही घरी जेवायचं, परीक्षेला दुसऱ्याच्या शांत खोलीत जाऊन बसायचं, बाळंतपणापासून तिरडीपर्यंत बिल्डिंग हजर. ज्याला आपण 'जुन्या दादरची माया' म्हणून हळवे होतो, तिच्यामागे गोठवलेलं भाडं होतं. माणसं चांगली होतीच, पण ती पन्नास वर्षं एका जागी राहिली, कारण त्यांना हलणं परवडणारं नव्हतं.

दोन, घरमालक आटले. १९४१ मध्ये सुमारे १५ लाखांचं शहर १९५१ मध्ये २३ लाखांच्या पुढे गेलं आणि भाड्यानं देण्यासाठी घर बांधणं हा धंदाच उरला नाही. जुनी जागा हवी तर पागडी. नवी हवी तर विकत. ओनरशिप फ्लॅट, सोसायटी, बिल्डर हे सगळं या पोकळीत उगवलं, आणि बिल्डर पैसे घेऊन पळायला लागले म्हणून १९६३ चा मोफा कायदा करावा लागला. तोवर जुन्या इमारती पडायला लागल्या होत्या. पंचेचाळीस रुपयांत मालक गळकी गच्ची कशाला दुरुस्त करेल? त्याची बाजूही आहे हो. आमचे मालक म्हणजे एक साधे पेन्शनर गृहस्थ होते, बारा बिऱ्हाडांच्या भाड्यापेक्षा त्यांचं पेन्शन जास्त होतं. १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं, इमारतींवर उपकर बसवला, त्याच या 'सेस बिल्डिंगा'. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १९४० चं भाडं गोठवून ठेवणारी तरतूद आता वाजवी राहिलेली नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला: वर्षाला चार टक्के वाढ, आणि पागडी कायदेशीर. पंचेचाळिसावर चार टक्के म्हणजे किती, हे तुम्हीच काढा.

मालकाला इमारतीत रस नाही, भाडेकरूला सोडवत नाही, आणि जमिनीचा भाव आभाळाला. हे कोडं सोडवायला १९९१ च्या नियमावलीत ३३(७) नावाचं कलम आलं. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत फुकट मालकीचं घर, त्या बदल्यात बिल्डरला वाढीव एफएसआय, वरचे मजले विकून त्याचा नफा. आत्याला याच योजनेत घर मिळणार आहे. संमती आता ५१ टक्क्यांची लागते. बारापैकी सात झाल्या की झालं. सहा झाल्यात.

मी प्लॅन बघितले. बावीस मजले. खाली सहा मजले गाड्या, त्यावर पोडियम, पोडियमवर बाग. गोल जिना अर्थातच नाही, त्याच्याबद्दल दुःख नाही. बाजूची मोकळी जागा मोजली आणि खिशातून कॅल्क्युलेटर काढला. कोन ब्याऐंशी अंशांच्या वर गेला. हे चालतं कसं? तर मोकळी जागा नियमापेक्षा कमी पडली की पालिकेला प्रीमियम भरून सूट घेता येते. ऑरसाहेबांचा उजेड आता रेडी रेकनरवर मिळतो.

हे करून नव्या घरांत राहणार कोण? त्यांचा भाव मी एजंटला विचारला. आकडा इथे देऊन तुमचा वीकेंड खराब करत नाही. मी आणि बायको, दोघांचे पगार, ठाण्याच्या फ्लॅटसाठीचं वीस वर्षांचं कर्ज गृहीत धरून, त्याच गल्लीत बाथरूम आणि अर्धा हॉल घेऊ शकतो.

आता ते वर दिलेले आकडे काढा. १८९१ ते १९०१, प्लेगच्या दशकात, मुंबईची लोकसंख्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटली. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाबा ते सायन-माहीम, ३३ लाख ३८ हजार लोक होते. २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. घट साडेसात टक्क्यांची. अडीच लाख माणसं कमी, आणि या वेळी एकही उंदीर मेला नव्हता. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. तुलना थोडी ओढूनताणून आहे, मान्य. गिरण्या गेल्या, ऑफिसं आली, कुटुंबं लहान झाली, कारणं पुष्कळ आहेत. पण आमच्याच बिल्डिंगमध्ये मोजलं तर माझ्या पिढीतली एकोणीस मुलं, त्यातली दादरला दोन उरलीत. बाकी डोंबिवली, ठाणे, पुणे आणि न्यू जर्सी.

आणि आम्ही जिकडे चाललोय तिकडे काय आहे? बाग आहे, पण कुंपणाच्या आत. पाच उद्यानांत कुणीही जाऊन बसू शकतो, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरही. घोडबंदरच्या पोडियमवर कार्ड दाखवल्याशिवाय जाता येत नाही, आणि त्या हिरवळीचा मेन्टेनन्स दर महिन्याला स्क्वेअर फुटावर भरायचा. ट्रस्टनं बाग शहराला दिली होती, इथे ती फ्लॅटबरोबर विकतात.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. तिसऱ्या शनिवारी एका एजंटनं फोनवर आधी बजेट विचारलं, मग लगेच आडनाव. आडनाव ऐकून म्हणाला, "छान, छान. तिथे सगळी आपलीच फॅमिली क्राऊड आहे." माझ्या टीममधला एक मुलगा, माझ्यापेक्षा पगार जास्त, त्याच टॉवरमध्ये भाड्यानं घर बघत होता. त्याला आडनाव सांगितल्यावर सांगण्यात आलं की जागा कालच गेली. आठवडाभरानं मी विचारलं तर तीच जागा रिकामी होती. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात असं म्हटलं होतं की सहकारी सोसायटीला आपल्या उपविधीनुसार सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं. तिथे निदान लिहिलेला नियम होता. इथे नियम कुठेच लिहिलेला नाही, नुसती जागा कालच गेलेली असते. त्या मुलाला मी राजगृहाबद्दल सांगायला गेलो, तर तो म्हणाला की सर, मी दर सहा डिसेंबरला येतो तिथे, लहानपणापासून, बाबांबरोबर. म्हणजे कदाचित मी त्याला पाहिलंही असेल, गॅलरीतून.

आत्याकडून निघताना तिला विचारलं की तुझं काय मत आहे. ती म्हणाली, लिफ्ट मिळेल, गुडघ्यांना बरं. मग म्हणाली, तीन वर्षं बाहेर भाड्यानं राहायचं, मी सत्त्याहत्तरची आहे, तीनाची पाच झाली तर? मग म्हणाली, संडास आता बेडरूममध्येच आहे म्हणे, अगदी पलंगाशेजारी, आणि बराच वेळ हसत बसली.

पुढच्या रविवारी अकरा वाजता तळमजल्यावर भाडेकरूंची मीटिंग आहे. सातवी सही अजून व्हायचीय. मी दहालाच पोचणार आहे. त्याच दिवशी चार वाजता घोडबंदरला टोकन द्यायची शेवटची तारीख आहे, आणि मुलीच्या शाळेचा फॉर्म दादरचा भरायचा की ठाण्याचा, हा एक्सेलमधला एकोणिसावा कॉलम मी आज सकाळी टाकलाय. तो रिकामा आहे.